कुटाराचं वासरू

धामणखेड्याच्या चिंधू थूलच्या आईची पहिली लेकरं जगली नाहीत. हा झाला तेव्हा तिनं त्याला जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलं, नाव चिंधू ठेवलं आणि देवाला सांगितलं, हे काही नेण्यासारखं नाही, याच्याकडं बघूही नकोस. देव भोळा असावा, किंवा त्या वर्षी त्याला दुसरी कामं असावीत. चिंधू जगला.

त्याचा बाप श्रावण गावातली मेलेली ढोरं ओढायचा. ते काम त्यानं निवडलं नव्हतं, जन्माबरोबरच ते त्याच्या गळ्यात पडलं होतं. पण त्यातली एक गोष्ट श्रावणसारखी आसपासच्या गावांत कोणाला जमत नसे. गाईचं वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. हंबरून घर डोक्यावर घेते, पण दुधाचा थेंब देत नाही. मग त्या वासराचं कातडं सोलायचं, मीठ आणि कडुनिंबाचा पाला चोळून वाळवायचं, आत कुटार म्हणजे वाळका भुसा ठासून शिवायचं आणि ते कुटाराचं वासरू गाईपुढं उभं करायचं. गाय हुंगते, चाटते आणि दूध सोडते. इतरांनी केलेली वासरं नुसती लोडासारखी दिसायची. श्रावणचं वासरू मान वळवून बघायचं.

तयार वासरू डोक्यावर घेऊन श्रावण गल्लीतून निघाला की ओरडत जायचा, "बाजूले व्हा जी, शिवू नका मले." मागून सुई-सुतळीची पिशवी घेऊन लहानगा चिंधू. गाय बांधलेली असे त्या कोठ्यात जायची त्यांना परवानगी नव्हती. वासरू अंगणात ठेवायचं, दूर उभं राहायचं, आणि गावातल्या अनुसयाबाईसारखी एखादी बाई वरून ओतेल ते पाणी ओंजळीनं प्यायचं. कोठ्यातून आवाज यायचा, खरखरीत जीभ कोरड्या कातड्यावरून फिरण्याचा. चिंधूला त्या आवाजाची भीती वाटायची. गाईला खरंच समजत नाही का, असं त्यानं एकदा बापाला विचारलं होतं. "समजते," श्रावण म्हणाला होता, "पन दूध सोडाले तिले बी कायतरी बहाना पायजे."

श्रावण गेला आणि चिंधूला वर्धा शहराबाहेरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत चपराशाची नोकरी लागली. प्रयोगशाळा म्हणजे ढोरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या. तिथले डॉक्टर प्रभाकरराव पुण्याकडचे, काटकुळे, चष्मा सदा नाकाच्या शेंड्यावर. या भागातल्या पांढऱ्याफेक गवळाऊ गाई गाभण का राहत नाहीत आणि राहिल्या तर का गाभडतात, दिवस भरायच्या आधीच वासरू का टाकतात, हे शोधायला त्यांना पाठवलं होतं. चिंधू काचा धुवायचा, गावोगावचं दूध तपासणीला आणायचा आणि ज्या बशांत जंतू वाढायचे त्या एका मोठ्या बरणीत रचायचा. बरणीत जळती मेणबत्ती ठेवून झाकण घट्ट लावायचं. ज्योत थोडी नाचायची, बारीक व्हायची आणि विझायची. तसल्या कोंदट हवेतच तो गाभडवणारा जंतू वाढतो, असं डॉक्टर सांगत.

बशीत जंतूंची साय धरली की डॉक्टर मधे औषधाचा थेंब टाकत. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू मेलेले असायचे आणि चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडलेलं असायचं. खळं मोठं दिसलं की डॉक्टर शीळ घालत. चिंधूलाही त्या खळ्यांचा नाद लागला. मेलेल्या ढोरांत बापाचा जन्म गेला, आपण मात्र ढोरं जगवायच्या कामात आहोत, हे त्याला फार वाटायचं. आणि का वाटू नये?

छप्पन साली दसऱ्याला तो आणि त्याची बायको कमला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. साऱ्या वस्तीनं ठरवलं, यापुढं गावाची मेलेली ढोरं ओढायची नाहीत. गावानं थोडे दिवस डोळे वटारले, मग बाहेरचा माणूस लावून ढोरं ओढवली. पण कुटाराचं वासरू करणारं गावात कोणी उरलं नाही. बापाची ती मोठी सुई टाकून दे म्हणून कमला मागं लागली होती. चिंधू हो हो म्हणाला आणि सुई छपरात खोचून ठेवली.

ओंजळीत वरून पाणी ओतणारी अनुसयाबाई आता म्हातारी विधवा होती. मुलगा हिंगणघाटच्या गिरणीत, सून बाळंतपणात गेलेली, आणि सुनेमागं राहिलेली बनी नावाची नात गाईच्या दुधावर वाढत होती. ती गाय एकदा गाभडली. चिंधूनंच डॉक्टरांना तिच्या कोठ्यात नेलं. डॉक्टरांनी तिला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली. नवं औषध, मुश्किलीनं मिळायचं. कितीत भागतं ते बघू म्हणून त्यांनी ते पुरवून पुरवून, थोडं थोडं, बरेच दिवस दिलं. गाय कळपात सोडायची नाही, तिचं पाणी वेगळं, असं बजावून ठेवलं. गाय सुधारली, पुन्हा गाभण राहिली आणि दिवस भरून व्याली. वासरू उठून उभं राहिलं, त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि दुपारी मान टाकली.

गाय पान्हा चोरून बसली. बनीच्या रडण्यानं शेजारीपाजारी हैराण झाले. गावात दुसऱ्याचं दूध मागून मागून किती मागणार? जन्मात कधी वस्तीत पाऊल न टाकलेली अनुसयाबाई चिंधूच्या दारात येऊन उभी राहिली.

"चिंधू, तुमी लोकायनं हे काम सोडलं ते मले मालूम हाय," ती म्हणाली. "पन पोरगी रडून राह्यली रे. मले दुसरा रस्ता दिसत नाई."

कमलानं आतून डोळ्यांनीच नको म्हटलं. पण चिंधूचं मन म्हणजे लोण्याचा गोळा. मेलेलं ढोर ओढणं वेगळं आणि लेकराच्या तोंडात दूध घालणं वेगळं, असं त्यानं स्वतःला समजावलं. गाभडलेलं वासरू आणि त्याची वार चुना टाकून खोल पुरायची, हा डॉक्टरांचा नियम त्याला पाठ होता. पण हे वासरू गाभडलेलं नव्हतं. दिवस भरून आलेलं होतं, चार पायांवर उभं राहिलेलं होतं. सगळा घोळ इथं झाला. त्यानं छपरातली सुई काढली, बापासारखंच मीठ आणि कडुनिंब चोळला, कानात बांबूची कामटी घातली आणि मान दाराकडं वळवली.

गाय चाटायला लागली आणि दुधाची धार भांड्यात वाजली. अनुसयाबाईनं घरातून कपात चहा आणून त्याच्या हातात दिला. कप बशीसकट, कान असलेला. चिंधूला त्या कपाचं फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. बनी तर त्याला सोडेचना. पुढं तो सायकलवरून आला की ती दोन्ही हात पसरून धावत यायची आणि तो तिला उचलून खांद्यावर घ्यायचा.

गावात आता कुटाराचं वासरू एवढं एकच होतं. ज्याच्या गाईचं वासरू मरेल तो ते मागून न्यायचा. बस्त्याचा एकच शालू असावा आणि प्रत्येक लग्नाला तोच मागून न्यावा, तशातली गत. परक्या गाईनं चाटावं म्हणून त्यावर गुळाचं पाणी शिंपडायचे. पूर्वी ज्याचं वासरू त्याच्याच कोठ्यात संपायचं, हे मात्र घरोघर हिंडून पुन्हा अनुसयाबाईकडं यायचं. आणि जिथं जिथं ते जाऊन आलं, तिथल्या गाभण गाई एकेक करून गाभडायला लागल्या.

बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या की ते वासरू इतर वासरांना पोटातूनच बोलावून घेतं. चिंधूच्या कानावर ते आलं तेव्हा तो हसला. प्रयोगशाळेतला माणूस होता तो, असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवणार? त्यानं त्या घरांतलं दूध नेमानं डॉक्टरांना नेऊन दिलं.

एके सकाळी डॉक्टरांनी त्याला जवळ बोलावून बशा दाखवल्या. धामणखेड्याच्या दुधातले जंतू औषधाच्या थेंबाला जाऊन भिडले होते. खळं नव्हतं. एकाही बशीत नव्हतं.

डॉक्टरांनी शीळ घातली नाही. त्यांनी सांगितलं, हा जंतू औषधाला सरावलेला आहे, आणि तसा तो एकाच ठिकाणी झाला असणार, कारण त्या गावात औषध एकाच गाईला दिलं होतं. अनुसयाबाईच्या. "पण ती तर घरीच बांधलेली," ते म्हणाले. "कळपात नाही, नदीवर नाही. मग याला पाय फुटले का? काय चालत गेलं, चिंधू, तिथून?"

चिंधूच्या डोळ्यांपुढं ते उभं राहिलं, मान वळवून बघणारं. "मालूम नाई, साहेब," तो म्हणाला.

सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब त्यानं तेवढ्यात केला होता. वासरानं रोग आणला म्हणजे ते शिवणाऱ्यानं आणला. ज्या गावात आता कुठं कपात चहा मिळायला लागला, ते गाव एवढंच ऐकणार की याचा हात लागला आणि गाई गाभडल्या. नागपूरहून जे घेऊन आलो ते सगळं एका वाक्यात जाणार. म्हणून तो गप्प बसला. आपण त्याच्या जागी असतो तर बोललो असतो, असं म्हणणाऱ्यानं आधी त्याच्या जागी राहून बघावं.

पण गप्प बसणं त्याला पचेना. बरणीत मेणबत्ती लावून झाकण लावलं की विझत्या ज्योतीच्या वासात त्याला कुटाराचा वास यायचा. सायकलवरून जाताना मागं कोणीतरी चालतंय असं वाटून तो उतरून बघायचा. रस्ता मोकळा असायचा. सांजच्या वेळी अंगात ताप भरायचा, सांधे ठणकायचे, सकाळी घाम येऊन उतरायचा. त्या तापात त्याला तो आवाज ऐकू यायचा. "कोनाची गाय चाटून राह्यली?" तो कमलाला विचारायचा. कमला म्हणायची, आपल्याकडं गाय कुठं आहे. मग तो भिंतीकडं तोंड करून पडायचा, आणि आवाज भिंतीतून यायचा. दूध आणायला ज्या घरी जाई तिथल्या कोठ्याच्या अंधारात ते वासरू असो वा नसो, त्याला ते दिसायचंच. आणि त्याच्याकडंच बघायचं. त्यानंच तर ती मान तशी वळवली होती.

एक दिवस तो दुधासाठी अनुसयाबाईकडं गेला. वासरू फिरून तिच्या अंगणात आलं होतं आणि बनी त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. त्याचं कोरडं तोंड तिनं आपल्या गालाला लावलं होतं, आणि त्याला ती बोटानं दूध चाटवत होती. तेच बोट मग स्वतःच्या तोंडात घालत होती.

चिंधू दूध न घेताच परत फिरला. प्रयोगशाळेत येऊन तो डॉक्टरांच्या टेबलापुढं उभा राहिला. "साहेब, ते मीच चालवलं," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. सुईपासून गुळाच्या पाण्यापर्यंत.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहराही एखाद्या आजारी माणसाचा असावा तसा झाला होता. "त्या जंतूला शिकवलं मी, चिंधू," ते शेवटी म्हणाले. "औषध पुरवून पुरवून दिलं, आणि त्या घोटाघोटावर तो पोसला. तू त्याला फक्त घरं दाखवलीस." मग त्यांनी चिंधूच्या तापाची विचारपूस केली आणि त्याचं रक्त काढून घेतलं. वासरू आजच जाळून टाक, म्हणाले. जाळल्यावर कार्बोलिक साबणानं अंघोळ करेपर्यंत कोणाला हात लावू नकोस, लहान लेकराला तर मुळीच नाही. आणि गावात विचारलं तर सरकारी हुकूम आहे म्हणून सांग, कारण सांगायची काही गरज नाही.

ही सोय फार चांगली होती. सायकलवर बसल्यापासून चिंधू ती मनात घोळवत होता. पण कारण सांगितलं नाही, तर लोक उद्या दुसऱ्या गावचा कारागीर आणतील आणि याच गाईंच्या मेल्या वासरांत कुटार भरून घेतील. एक वासरू जळेल आणि दोन उभी राहतील. धामणखेड्याची झाडं दिसायला लागली तशी त्याची सायकल हळू झाली. पण तो मागं फिरला नाही.

अनुसयाबाईच्या अंगणात महादेवराव आलेले होते. गावात सगळ्यात भरलेला कोठा त्यांचा. त्यांच्या एका गाईचं वासरू साप चावून मेलं होतं, म्हणून ते कुटाराचं वासरू न्यायला स्वतः आले होते. गड्यानं त्याला हात घातलाच होता.

"महादेवराव, ते नेऊ नका," चिंधू म्हणाला. "गाई त्याच्यानंच गाभडून राह्यल्या. रोग त्या कातड्यात हाय. अन ते कातडं मी शिवलं."

मग महादेवराव चिंधूशी नाही, गोळा झालेल्या लोकांशी बोलले. "म्हंजे बाया म्हनत होत्या तेच निघालं. धरम बदलला, सरकारी कपडा घातला, पन हात तेच."

रोग आधी गाईत होता, त्यांच्या गाईंसारख्याच एका गाईत. हे चिंधूच्या ओठांवर आलं होतं. पण जंतूचं नाव काढलं की गावाला आधी जात आठवते, तिथं सांगून काय उपयोग? त्यानं अनुसयाबाईकडं बघितलं. हिच्या दारात आपण कशासाठी सुई घेऊन आलो, हे तिला माहीत होतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बघत राहिली. महादेवरावांच्या बोलण्यापेक्षा चिंधूला ते जास्त लागलं.

त्यानं वासरू उचललं. कडेवर मावेना, सायकलवर बसेना, शेवटी डोक्यावर घेतलं. गल्लीतून जाताना लोक आपणहून भिंतीला लागत होते. त्याला ओरडावंसुद्धा लागलं नाही. नाल्याच्या काठी त्यानं त्यावर रॉकेल ओतून काडी लावली. कुटार भसकन पेटलं, कातडं मात्र हळूहळू आकसत गेलं आणि आकसताना ती मान आणखी वळली, थेट त्याच्याकडं. चिंधूनं डोळे मिटले नाहीत. राख होईपर्यंत तो उभा राहिला.

दूध उकळूनच द्यायचं आणि कोठ्यात चुना टाकायचा, एवढं सांगायचं राहिलं होतं. तेवढ्यासाठी तो पुन्हा अनुसयाबाईच्या अंगणाशी आला. आपलं वासरू नेलं म्हणून बनी उंबऱ्यात बसून रडत होती. चिंधू दिसताच ती उठली, आणि रोजच्यासारखे दोन्ही हात पसरून धावत सुटली. त्याच्या सदऱ्याला त्या कातड्याचे केस चिकटले होते. हात, मान, डोकं, सगळं त्या वासराचंच झालं होतं. तो मागं सरला, सरता सरता काट्यांच्या कुंपणाला पाठ टेकली. पुढं जागा नव्हती.

"शिवू नको मले," तो ओरडला. "दूर राय, माय. शिवू नको."

आवाज त्याचा नव्हता. हुबेहूब श्रावणचा होता. दारातल्या अनुसयाबाईनं चमकून वर बघितलं, कारण तिनं तो आवाज याच अंगणात अनेकदा ऐकला होता. जो शब्द चिंधू नागपूरला कायमचा टाकून आला होता, तो आज कोणी त्याच्या तोंडात घातला नव्हता. त्याचा त्यानंच काढला होता, आणि काढला नसता तर तो माणूस नव्हता. बनी अंगणाच्या मधोमध थांबली. तिला आजवर हा शब्द कोणी सांगितला नव्हता. हात तसेच पसरलेले ठेवून ती त्याच्याकडं बघत राहिली.

पुढच्या सालात धामणखेड्यात गाई गाभडायचं थांबलं. बनीचं रक्त डॉक्टरांनी तपासलं, ते स्वच्छ निघालं; तो निकाल ऐकून चिंधू प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून रडला. त्याच्या स्वतःच्या रक्तात मात्र तोच जंतू होता, बिनखळ्याचा. डॉक्टरांनी नागपूरहून दुसऱ्या औषधाच्या पिवळ्या गोळ्या आणून त्याला उभा केला. तरी थंडी सुरू झाली की सांजचा ताप परत यायचा, आणि तापात तो आवाज.

आता काही धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी चिंधूनं साबण लावून अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, बाजारातून गूळ-फुटाणे घेतले आणि तो अनुसयाबाईच्या अंगणात गेला. बनी खेळत होती. तो खाली बसला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "ये."

बनी आली. अंगणाच्या मधोमध, त्या दिवशी थांबली होती तिथंच थांबली. मग तिनं दोन्ही तळवे जुळवून ओंजळ केली आणि होईल तितकी लांबून पुढं धरली.

चिंधूनं फुटाणे वरून टाकले.